आईचं पहिलं नाव

आईचं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाहीये. तिने बजावलंय, "नावं टाकू नकोस हां कुठे." पण बाकी सगळं सांगते, कारण कल्याण कोर्टात जे झालं ते अजून मला स्वप्नात झाल्यासारखंच वाटतं.

आजी गेली. तिची कोपर स्टेशनजवळची रूम आईलाच मिळणार, एकुलती एक मुलगी ना. पण सोसायटीला कोर्टाचा वारस दाखला हवा होता, आणि कागदांवर आजीच्या मुलीचं नाव वेगळं आणि माझ्या आईचं वेगळं! लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते थेट आधार कार्डापर्यंत गेलं. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी तिथेच राहिली. म्हणजे आता आईने सिद्ध करायचं की ती आजीची मुलगी आहे. नाहीतर रूम अडकली.

वकील मॅडम म्हणाल्या, "सोप्पंय. अर्जात जुनं नाव, मग उर्फ, मग नवीन."

"उर्फ?" आई भडकली. "उर्फ तर चोरांना असतं!"

बाबा हसले. "मग? आमच्या घरात शिरलीसच ना."

"मी शिरले? वाजतगाजत आणलेलीत तुम्ही. वर नाव पण काढून घेतलंत."

बाबा हळूच म्हणाले, "पद्धत होती गं."

त्या दिवसापासून मला ती दाखल्यावरची मुलगी दिसायला लागली, शप्पथ. आमच्या इथे शहाडला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन वेण्या, चपला हातात. कधी आई चपात्या लाटत असायची आणि ही मागे खिडकीत बसलेली. आई जुनी सही गिरवायची, पेपरच्या कडेला, गॅसच्या बिलामागे, आणि मध्येच हात थांबायचा. तेव्हा कळलं, त्या नावाने हाक मारणारी फक्त आजी उरलेली. आजी गेली तशी ती हाकही गेली, आणि आमच्या कोणाच्या लक्षातच नाही आलं.

तारखेला आम्ही कोर्टाबाहेर बाकावर बसलेलो. पंखा गरगरतोय, जिन्यावर ऊन सांडलंय, बाबा डुलक्या घेतायत. मॅडमनी सांगून ठेवलेलं, पुकारा झाला की लगेच आत या, नाहीतर पुढची तारीख, ती कधी पडेल देव जाणे.

पट्टेवाला दारात आला आणि आईचं पहिलं नाव जोरात ओरडला. पूर्ण कॉरिडॉरभर घुमलं. मी उठले, बाबा उठले. आई बसलेलीच.

"अगं, तुलाच बोलावतायत!"

"थांबा हो जरा." तिने डोळे मिटलेले. "परत ओरडू दे ना."

तो परत ओरडला. मॅडम आतून हातवारे करतायत, बाबांना घाम फुटलाय. मला वाटलं गेली तारीख, ही काय उठत नाही.

तिसऱ्यांदा नाव घुमलं आणि आई ताडकन उठली. "आले गं!"

त्या एवढ्या मिशीवाल्या पट्टेवाल्याला! अख्खा कॉरिडॉर हसला. आई पदर सावरत चक्क धावत आत गेली. आई धावते हे मी पहिल्यांदा बघितलं.

साहेबांनी नाव विचारलं. तिने फक्त पहिलं सांगितलं. मॅडम घाईघाईने उर्फ जोडत राहिल्या.

दाखला नंतर मिळाला, दोन्ही नावांचा. पण त्या दिवशी रिक्षातून घरी येताना बाबा तोंडातल्या तोंडात ते नाव म्हणून बघत होते. आई बाहेर बघत होती.

"नाही जमत तुम्हाला," ती म्हणाली. "राहू दे."