बोक्याच्या राज्यात पांढरी

नव्वदच्या दशकात आमच्या सणसरात दरारा दोघांचाच, कारखान्याच्या भोंग्याचा आणि आमच्या बोक्याचा. भोंग्याला निदान वेळ तरी ठरलेली असायची. बोका अंगानं एवढा, की उसाचा ट्रॅक्टर आमच्या दारापाशी आला की ड्रायव्हर आपोआप गिअर उतरवायचा. घर, गोठा, कडब्याची गंजी, सगळ्याचा सातबारा त्यानं आपल्या नावावर करून घेतलेला. आम्ही नुसती कुळं. शेजारचं कुत्रंसुद्धा आमचं अंगण टाळायला लासुर्ण्यावरून वळसा घालायचं.

अशा घरात बारामतीहून माझी बायको नवी नवरी म्हणून आली, ती काखेत पांढरी मांजर घेऊन. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनं ती वाढवलेली. बोक्यानं तिला पाहिलं मात्र, मांडणीवरची भांडी खाली आली, पाहुणे ताटावरून उठले आणि पांढरी जी माळ्यावर चढली ती खाली यायचं नावच घेईना. पुढं रोज तेच. शेवटी आई म्हणाली की बोका आहे म्हणून घरात दाणा राहतोय, तेव्हा नव्या मांजरीला माघारी धाडा. बायकोनं आवाज चढवला नाही. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तिला सोडाया मीच जाते. माघारी कवा यीन, ते तुमी इचारू नका."

म्हणजे आता प्रश्न मांजराचा राहिला नव्हता, माझ्या संसाराचा झाला होता.

पण आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ऊस आला, मेंढरं गेली, विद्या मात्र माझ्या हातात राहिली. पोरकं कोकरू परक्या मेंढीच्या कासेला मी असं लावायचो, की आपल्याला जुळं कधी झालं याचा मेंढी विचार करत बसायची. मेंढीची मान धरून तिला कोपऱ्यात दाबायचं आणि कोकरू पुढं करायचं. तसंच मी बोक्याची मान धरली आणि बायकोला पांढरी पुढं करायला सांगितलं. मेंढी थोडी धडपडते आणि दमून गप होते. बोका माझ्या सदऱ्यात शिरला आणि कुठल्या वाटेनं बाहेर पडला, हे अजून कळलेलं नाही. ओट्यावर बसलेल्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "लेका, त्याची लोकर कातरत हुतास व्हय रं?"

अंगाला हळद लावून घेताना माझ्या ध्यानात आलं. मान धरणं ही निम्मीच विद्या. मेंढी पिल्लू ओळखते ते नाकानं, म्हणून आम्ही आधी पोरक्याच्या अंगाला तिच्या कोकराचा वास चोळायचो. घाईत मी तेवढंच विसरलो होतो.

मग पांढरीला धान्याच्या खोलीत ठेवून दार लावलं. बोका ज्या घोंगडीवर झोपायचा तिनं रोज पांढरीचं अंग पुसायचं, आणि पांढरीच्या गालावरून फिरवलेलं फडकं दाराबाहेर बोक्याच्या वाटीखाली घालायचं. पहिल्यांदा त्यानं संपच केला, दुधाकडं पाठ. मी वाटी दारापासून लांब नेली, सुकट घातली. दाराच्या आत पांढरी खायची, बाहेर हा. रोज दोन्ही वाट्या जराशा जवळ सरकवायच्या. आधी तो गुरगुरून मग खायचा, मग खाता खाता गुरगुरायला लागला आणि शेवटी नुसता खायला लागला. एकदा दाराखालून पांढरा पंजा बाहेर आला. बोक्यानं तो हुंगला. मी श्वास इतका वेळ धरला, की शेजाऱ्यांनी डॉक्टरला निरोप धाडला म्हणतात. हुंगून झालं आणि बोका परत वाटीकडं वळला, जणू आपलंच शेपूट हुंगलं.

त्यानंतर दार किलकिलं केलं, मग सताड उघडलं. माळ्याची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवली होती, पण तिला ती लागली नाही. थंडी पडली तेव्हा दोघं एकाच घोंगडीवर, आणि बोका कडेला!

निरवांगीपर्यंत माझं नाव झालं. एक जण तर सासूसुनेचं काही जमतं का, हे विचारायला आला होता.

दिवाळीला बायको माहेरी निघाली तेव्हा तिनं पांढरीला उचललं. आई दारात आडवी उभी राहिली. "तू जा. ती न्हाय यायची. तिच्याबिगर बोका जेवत न्हाय."

बायको एकटीच बारामतीला गेली आणि ठरल्या दिवसाच्या आधीच परतली. मांजरासाठी आले, असं ती सांगते. मी लोकांना सांगतो ते वेगळं.