चढाईपटूला मागणी आली

गिरणी बंद पडल्यावर ह्यांच्याकडे कबड्डी तेवढी उरली. घाटकोपरच्या मंडळाकडून खेळायचे आणि घरी ढाली आणायचे. "ढालीत भात शिजणा नाय," सासूबाई म्हणायच्या.

तेव्हा कंपन्या आपापले संघ ठेवत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. ह्यांनी एका चढाईत तिघांना बाद केलं, आणि त्याच रविवारी मुलुंडच्या कंपनीचे साहेब आमच्या खोलीवर आले. अंधेरीच्या एका कंपनीचाही निरोप होता. मी पोहे केले. साहेबांनी ह्यांना उठवून चालायला लावलं, मांड्या चाचपल्या. सासूबाई पडद्याआड माझ्या कानाशी आल्या. "तुका बघूक इलंव, तेवा असाच चालवन बघितला होता."

साहेबांनी पगार भरपूर सांगितला. हे लगेच हो म्हणायला निघाले. बाजारात पापलेट एकच आणि गिऱ्हाइकं दोन असली की कोळीण सांगेल तो भाव. पण संध्याकाळपर्यंतच. ह्यांचा गुडघा तर आताच कुरकुरत होता. तो गेल्यावर कोण विचारणार? जे मागायचं ते आजच.

परक्या पुरुषांसमोर मी बोलत नसे. सासूबाईंना हळूच म्हटलं, "गुडघा गेला तर नोकरी राहील का, विचारा ना."

त्या बाहेर जाऊन ओरडल्याच, "सायबानु, ह्येचो गुडघो मोडलो तर काय भंगारात घालतलास?"

साहेब हसले. "आजी, खेळतोय तोवर नोकरी. आमचा संघ आहे, धर्मशाळा नाही."

मी पडद्यातून पुटपुटले, "पगार कमी द्या म्हणावं, पण कायम करा. नाहीतर अंधेरीवाले आहेत."

"अंधेरीवाले जिनो चढतत!" सासूबाईंनी पदरचं जोडलं. साहेबांनी खरंच दाराकडे पाहिलं. हे काही बोलणार, तोच सासूबाईंनी त्यांच्या हातात पोह्यांची बशी कोंबली.

"बरं, कायम करतो," साहेब म्हणाले. "खेळ सुटला तरी. पण पगार कमी होईल हं."

ते गेल्यावर हे म्हणाले, "भाव पाडलास ना गं माझा!"

गुडघा पुढे गेलाच. कंपनीने ह्यांना गोदामात बसवलं. आता रोज लंगडत कामावर जातात आणि जेवणाच्या सुट्टीत नव्या पोरांना चढाई शिकवतात. तक्रार एकच, बसून बसून पोट सुटलंय.