रुपालीने कळवलं नाही

खराडीतल्या स्किन क्लिनिकमध्ये आनंदीबाई आपल्या मुलाला, पियुषला, घेऊन आल्या, तेव्हा तिथल्या सहायक रुपालीने दोघांना दारातच ओळखलं. त्यांनी मात्र तिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? या माउलीने मुलासाठी इतक्या मुली नाकारल्या होत्या, की चेहरे लक्षात ठेवायला वेगळा माणूस नेमावा लागला असता.

शिवाय रुपालीचा चेहराही तो राहिला नव्हता. आनंदीबाई पियुषला घेऊन तिला बघायला कात्रजला गेल्या होत्या, तेव्हा तिच्या गालांवर मुरुमांचे खड्डे होते. पोहे झाल्यावर त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि "कळवतो" म्हणून निघून गेल्या. रुपालीचे वडील बापूराव डेअरीची गाडी चालवायचे. ते फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. नकार असेल तर असू दे, पण सांगा तरी, एवढंच ते मध्यस्थाला विनवत राहिले. फोन येईल या आशेवर त्यांनी दुसरी स्थळं थांबवली, आणि तीही गेली. फोन काही आला नाही.

पुढे रुपाली या क्लिनिकमध्ये लागली. डॉक्टर पूर्णिमा मॅडमनी तिच्याच दंडातलं रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि वर आलेला पिवळसर भाग बारीक सुयांनी तिच्या गालांत सोडला. असं बरेच महिने चाललं. खड्डे पुरते गेले नाहीत, पण उथळ झाले. रक्त आपलं, गाल आपले, उपकार कुणाचे नाहीत, हे तिला फार आवडलं होतं.

आता पियुषच्या डोक्यावरचं छप्पर उडून टक्कल पडलं होतं आणि मुली त्याला नाकारत होत्या. आनंदीबाईंना मोबाइलवर पाहिलेलं स्टेम सेलचं इंजेक्शन हवं होतं, लागेल तो खर्च करायची तयारी होती. केसांसाठी त्याला आपल्याकडे परवानगी नाही, मॅडमनी स्पष्ट सांगितलं. एक्सोसोम म्हणून जे नवं निघालंय त्याचीही खात्री त्या देणार नव्हत्या. त्याच्याच रक्तावर काम करू, मुळं जिवंत असतील तिथे फरक पडेल, म्हणाल्या.

रक्त काढायचं काम रुपालीचं. बधिर करायचं मलम लावायला ती सहज विसरू शकली असती. विसरली नाही. सुईचं दुखणं संध्याकाळपर्यंत थांबतं, तिला लांबणारं काहीतरी हवं होतं.

ते आनंदीबाईंनीच हातात आणून दिलं. पुढच्या खेपेला मास्क काढलेली रुपाली निरखत त्यांनी विचारलं, "लगीन झालंय का गं तुझं?" नाही म्हटल्यावर गाव, पाहुणे, भाऊबहीण, सगळ्याची चौकशी झाली. रुपालीने आजोळचं गाव सांगितलं. पियुष तर आधीच विरघळला होता. घरी कधी येऊ, असं आनंदीबाईंनी विचारल्यावर ती गोड हसली.

"आईशी बोलते आणि कळवते."

मग ती कळवेना. कधी मामा गावाला गेलेले असायचे, कधी पितृपक्ष आडवा यायचा. तिच्या भरवशावर आनंदीबाईंनी वाघोलीचं चांगलं स्थळ सोडलं. ते ऐकून रुपालीला बरं वाटलं. लाजबिज काही नाही, अगदी मनापासून बरं वाटलं. पियुषच्या डोक्यावर लव दिसायला लागली होती, पण त्याचं लक्ष आरशात नसायचं, फोनमध्ये असायचं.

शेवटच्या खेपेला आनंदीबाई रडकुंडीला आल्या. "बाई, नाय तर नाय म्हण. पण एकदा काय ते सांग. पोरगं जेवंना झालंय."

रुपालीने शांतपणे हातमोजे काढले. "माझे वडीलही एवढंच मागत होते. कात्रजचे बापूराव. तुम्ही मला बघायला आला होतात."

आनंदीबाई तिच्या गालांकडे बघत राहिल्या. पियुष पुटपुटला, की ती त्याला तेव्हाही पसंत होती, आईपुढे बोलायची हिंमत झाली नाही. रुपालीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आनंदीबाई हात जोडून म्हणाल्या, की त्या आजच घरी येऊन बापूरावांचे पाय धरतील.

"ते गेले," रुपाली म्हणाली. "तुमच्याकडून आमचा नंबर हरवला असेल, असं शेवटपर्यंत म्हणत होते."