कचरूतात्या आणि मुका ऑटोपायलट

सणसरच्या कचरूतात्यांनी जन्मात खऱ्या विमानात पाय ठेवलेला नाही, पण उजनीच्या पाण्यात चार विमानं बुडवलीत. सगळी कॉम्प्युटरवर.

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलरचे गेज सांभाळायला होते. रिटायर होऊन गावी आले, तेव्हा पोरानं पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला. वडील बातम्या वाचतील, धम्मावरची प्रवचनं ऐकतील, अशी त्याची भाबडी समजूत. तात्यांनी त्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर घातला आणि त्यात चालणारं एक चार सीटांचं विमान वेगळं विकत घेतलं.

बारामतीहून उडायचं, भिगवणकडं वळायचं, ऑटोपायलट लावायचा आणि चहाला उठायचं, हा त्यांचा नेम. इंजिनाचा जोर कमी केलाय हे चहाच्या नादात विसरायचं. ऑटोपायलटला हुकूम असायचा पाच हजार फूट धरायचा. तो बिचारा उंची टिकवायला नाक वर करत जायचा, वेग उतरत जायचा, आणि विमान दगडासारखं पडायला लागलं की हा चूपचाप सुटून मोकळा.

चौथ्यांदा बायको, शालनबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवो, मेला का परत?"

"मी न्हाय मेलो, त्यानं मारलं!" तात्या भडकले. "बॉयलरमधलं पाणी कमी झालं तर आमचा भोंगा अख्खी शिफ्ट गोळा करायचा. ह्यो शाना न सांगता हात सोडतोय."

हे विमान बनवणारा मार्टिन नावाचा परदेशी माणूस एकटाच सगळा कारभार बघायचा. तात्यांनी त्याला तहसीलदाराला करावा तसा अर्ज केला. 'आदरणीय साहेब' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत, इंग्रजीत. मध्ये अकरा सूचना. वेग पडला की ऑटोपायलटनं आपणहून नाक खाली घ्यावं आणि तसं बोलून सांगावं, ही पहिली. चहासाठी वेगळं बटण असावं, ही नववी.

मार्टिननं अदबीनं कळवलं, खऱ्या विमानातलं यंत्र असंच वागतं, आम्ही त्याची हुबेहूब नक्कल करतो. तात्यांनी अर्ज इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा टाकलेला. त्याखाली पुण्याच्या एका गृहस्थानं लिहिलं, "काकांना विमान नको, ड्रायव्हर हवाय."

रविवारी कन्हेरीहून भाची आली. स्वप्नाली. ती खरोखरची वैमानिक व्हायला शिकत होती. तिनं अर्ज वाचला, हसून घेतलं आणि म्हणाली, "मामा, खऱ्या विमानातल्या नव्या यंत्रात हे असतंय. वेग कमी झाला की ते नाक खाली घेतंय."

"म्हंजी मी येडा न्हाय?"

"पयल्या सूचनेपुरतं तरी न्हाय. बाकीच्या दहा काढा."

तात्यांनी दहा काढल्या. चहाचं बटण काढताना जीव तुटला. अशा एका नव्या यंत्राच्या माहितीपुस्तकातलं पान स्वप्नालीनं जोडून दिलं आणि अर्ज पुन्हा मार्टिनकडं गेला.

तीन आठवड्यांनी मार्टिननं सुधारलेलं विमान तपासायला पाठवलं. तात्यांनी शालनबाईंना शेजारी बसवलं, विमान वर नेलं आणि मुद्दाम इंजिनाचा जोर काढला. वेग उतरला. बाईच्या आवाजात इशारा आला, "वेग कमी!" आणि नाक आपोआप खाली गेलं.

"बघ!" तात्यांची छाती फुगली.

दोघं बघत राहिले. वेग अगदी झकास टिकला. विमान मात्र खाली येत येत एका रानात घुसलं.

शालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नुसतं वेग कमी म्हणून काय उपेग? इंजिनाचा जोर वाढीव, आसं बी सांगाया नगो व्हय तिनं?"

तीस वर्षं गेज बघितलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. ही अक्कल स्वतःच्या नावावर खपवायचा मोह त्यांना झाला, नाही असं नाही. मग नाक मुठीत धरून त्यांनी लिहिलं, "ही सूचना माझ्या पत्नीची आहे."

महिन्याभरानं ते विमान सगळ्यांसाठी आलं. इंजिनाचा जोर वाढवा, हे आता ते ठणकावून सांगतं. सोबतच्या माहितीत शेवटी आभार होते: शालन आणि कचरू, भारत.

"माजं नाव आधी?" शालनबाईंनी विचारलं.

"एबीसीडीच्या क्रमानं आसंल."

"इंग्रजीत 'के' आधी येतो, आवो. सातवीपत्तुर मी बी शिकलीय."

तात्या खुर्चीवरून उठले. शालनबाईंनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "ह्ये वर कसं न्यायचं?"