खिरीतल्या मनुका

कुत्र्याले काय चारावं न् काय नाई, हे आमच्या दर्यापुरातल्या गल्लीत इंदूबाईले विचारल्याबिगर ठरत नव्हतं. कोणी कोंबडीचं हाड फेकलं की बाई दारातून ओरडे, "घशात अडकलं त तू काढशीन का हात घालून?" कांदा नाई, चाकलेट नाई, तिखट रस्सा नाई. साधा भात, बिनमिठाची भाकर, उकडलेलं अंडं, बस्स. नवरा वारला, पोरगी प्रियदर्शनी नोकरीपायी पुण्यात. घरात बाई न् तिचा कुत्रा लाल्या. पहिला घास लाल्याचा, मंग तिचा.

मी चिडवे तिले, "इंदूबाई, नवऱ्याले तरी एवढं जपलं का?"

"तो घरी राह्यचाच कुठं वं दीपमाला!"

बुद्धपौर्णिमेले विहारातल्या खिरीचं मोठं गंज-पातेलं तिच्याच हाती असते. यंदा कोण्या भल्या माणसानं मनुकाचा मोठा पुडा दान देल्ला. इंदूबाईचे दात उरले चार, मनुका चिकटतात. म्हणून आपल्या वाटीतल्या दहाबारा तिनं वेचून लाल्याले चारल्या. "घे बाप्पा, तुयाबी सण आहे," म्हणे. मंग ती भांडे घासाले गेली. पुड्यात उरलेल्या मनुका माया हाती होत्या. मी ओंजळभर लाल्यापुढे टाकल्या. काय शेपूट हलवत खाल्ल्या त्यानं! मले लय बरं वाटलं.

संध्याकाळी त्याले ओकाऱ्या सुरू झाल्या. खीर जड गेली असन, म्हणून आमी ताक पाजलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, तवा कुठं आमी त्याले ऑटोत घालून जनावराच्या डॉक्टरकडे नेलं.

"मनुका? बाई, द्राक्षं न् मनुका कुत्र्याच्या किडन्या खराब करतात."

"काहीतरीच काय साहेब!" इंदूबाई म्हणे. "मनुका त बाळंतिणीले देतात!"

"किती खाल्ल्या?"

"दहाबारा."

डॉक्टरनं लाल्याकडे पाहिलं. "मोठं कुत्रं आहे हे. आणखी कुठं खाल्ल्या का?"

"नाई साहेब. माया हातचंच खाते तो."

गल्ली माया तोंडाले भेते. तिथं ते तोंड उघडलंच नाई. डॉक्टर म्हणाले, एखाद्याले थोड्याही बाधतात, त्याच दिवशी आणलं असतं त काही करता आलं असतं. सलाईन लावलं न् घरी पाठवलं.

इंदूबाईनं मऊ भात शिजवला. लाल्यानं एकदा शेपूट हलवली, तोंड लावलं नाई. मी तिच्यासाठी भाकर नेली. "त्यानं खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ?" म्हणे. दोन दिवस दोघंही उपाशी. तिसऱ्या दिवशी दुपारी लाल्या गेला.

"दहाच होत्या वं," ती रडून राहिली होती. "माया हातानं मारलं म्या त्याले."

सांगून टाकावं म्हणून मी तिच्याजवळ बसली. तिनं माया खांद्यावर डोकं टेकवलं.

"तू होती म्हणून बरं झालं वं, दीपमाला."