ओढा मोजणारे काका

पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि "असंल की" म्हणत आकडा लिहायचा. सोलापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर बसून काका दर सोमवारी ओढ्याचं पाणी असं मोजत. ओढा तिथून दोन तासांवर होता.

आमचं ऑफिस पर्यावरणाचे अहवाल तयार करून देई आणि मी ते टाइप करी. मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेलगत, जमिनीखाली चुनखडीची खाण होती. खाणीत पाणी झिरपतं, ते पंपांनी सतत उपसावं लागतं. या उपशामुळं वरचा ओढा आटतो का, हे दर आठवड्याला मोजायचं काम खाणवाल्यांनी आमच्या साहेबांना दिलं आणि साहेबांनी काकांना. काका मैंदर्गीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. एवढ्या पात्रतेवर ते जलप्रवाह निरीक्षक झाले.

पहिलं वर्षभर ते खरंच तिकडं जात, रस्त्यावरच्या पुलावरून पाणी बघून येत. मग गुडघा दुखायला लागला, मोटरसायकल जुनी झाली. "ताई, वढा काय पळून जातुय व्हय?" असं म्हणून ते माझ्यासमोरची खुर्ची ओढू लागले. पण नुसतं थापा मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिकडून येणाऱ्या दूधवाल्याला फोन करून पावसाची चौकशी करत. ऊन किती पडलं, वारं कसं होतं, याचा विचार करत. मागच्या आठवड्याएवढंच, पण अगदी सरळ रेषेत नको, म्हणून मधेच एखादा आकडा जरासा वर चढवत. मला सगळं दिसत होतं आणि मी टाइप करत होते. तुम्हीही कधी अशा टेबलाशी बसला असाल, तर माझ्याकडं फार रागानं बघू नका.

आमचे दुसरे एक निरीक्षक त्यांच्या ओढ्यावर खरोखर पाण्यात उतरून मोजत. त्यांचे आकडे कधी भसकन वाढायचे, कधी शून्यावर यायचे. साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, की हा ओढा आहे का तमाशा? आणि काकांचा तक्ता समोर धरला. डाटा असा असावा, म्हणाले. काकांच्या ओढ्याचा आलेख फ्रेम करून स्वागतकक्षात लावला. काका येता-जाता त्याच्याकडं पाहुण्यासारखे बघत.

पुढं ओढ्याकाठच्या गावाची तक्रार आली. ओढा आटला, विहिरी खाली गेल्या, खाणीनं पाणी ओढलं. जनसुनावणी ठरली. साहेब निर्धास्त होते, ओढा आटत नसल्याचं दाखवणारा आलेख सोबत होता. फायली सांभाळायला मला नेलं. सुनावणीच्या अधिकाऱ्यांना कन्नड येत नव्हतं आणि गावातली म्हातारी माणसं दुसरं काही बोलत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून काकांना नेलं.

मंडपात काका छान रमले. गावकऱ्यांचं बोलणं मराठीत आणताना ते त्यातल्या शिव्या हलकेच गाळत होते. मग एक आजी उठल्या. म्हशी राखणाऱ्या, काठीवर भार देऊन उभ्या. अधिकाऱ्यांकडं बघत त्या दोन-तीनच वाक्यं बोलल्या.

"काय म्हणतात त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

काकांनी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी फायलीत डोकं घातलं.

"आजी म्हणत्यात, मी रोज म्हशी घिऊन वढ्यावरच असते. पाणी मोजणारा माणूस दर आठवड्याला येतो म्हणता, तो कुटल्या वाटंनं येतो? मला कदी दिसला न्हाय."

अधिकाऱ्यांनी विचारलं, कोण आहे तो माणूस?

"मीच हाय, साहेब. आजी खरं बोलत्यात. मी येत न्हवतो. आकडे माझ्या मनचे हायत."

मराठीत एवढं बोलून ते खाली बसले असते तरी चाललं असतं. पण ते गावाकडं वळले आणि तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं. ते सांगायला त्यांना कुणी लावलं नव्हतं. सांगताना त्यांनी हात जोडले होते.

सुनावणीचं इतिवृत्त लिहायचं कामही आमच्याच ऑफिसकडं आलं; साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'दुभाष्याची प्रकृती अचानक बिघडल्याने भाषांतरात त्रुटी राहिल्या.' काकांना काढलं, तेही भाषांतरात कुशल नाहीत म्हणून. आकड्यांबद्दल त्यांच्यावर कसलाच ठपका नव्हता. ओढा वर्षभर पुन्हा मोजावा, असा आदेश निघाला आणि जुन्या नोंदी आमच्याकडं असल्यामुळं ते काम आम्हालाच मिळालं. नव्या निरीक्षकांना नमुना म्हणून काकांचेच तक्ते दिले.

काही महिन्यांनी कळलं, काका ओढ्यावर जातात. दर आठवड्याला, स्वतःहून. गावानं त्यांच्या नोंदी सगळ्या कार्यालयांना पाठवल्या होत्या. एका ठिकाणाहून उत्तर आलं, त्याची प्रत आमच्या ऑफिसलाही: माहिती विहित नमुन्यात नाही. ते वाचलं आणि ऑफिसातल्या कपाटातून कोऱ्या छापील तक्त्यांचा गठ्ठा मी पिशवीत घातला. नोकरीत तेवढी एकच चोरी केली.

मी पोचले तेव्हा फेब्रुवारीचं ऊन होतं. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उभे होते. दहा पावलं खालच्या अंगाला त्या आजी. काकांनी कडब्याच्या कांडीचा तुकडा पाण्यात सोडायचा, तो आपल्यापाशी आला की आजींनी हात वर करायचा, मधला वेळ घड्याळावर मोजायचा. वही आजींच्या कमरेला खोचलेली. प्रत्येक नोंदीखाली त्यांचा अंगठा. सुरुवातीला काकांना कांडी नीट सोडताही येत नव्हती, हे आजींनी मला हसत सांगितलं. ते भाषांतर काकांनीच केलं.

मी गठ्ठा दिला. काकांनी तो उलटापालटा केला, वरचा तक्ता काढून खिशात घातला. मग वाकून कांडी सोडली.

पाणी घोट्याएवढंही नव्हतं. कांडी जरा फिरली आणि थांबली. काका घड्याळाकडं बघत राहिले. खाली आजी कांडीवर नजर लावून उभ्या होत्या, हात पदराशी. मी काठावर बसले. खूप वेळ आजींचा हात काही वर गेला नाही.