रोज वेगळी वाट

दसरा झाला की आमच्या पालीतलं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. माझा मुलगा, सून, नातवंडं ट्रॅक्टरवर बसून गेली की घरात मी आणि म्हैस. मालक वारल्याला बरीच वर्षं झाली. त्या साली तर पावसानं तोंडच दाखवलं नाही, बिंदुसरेच्या धरणात पाण्याऐवजी गुरं बसलेली दिसायची, आणि कधी न गेलेली माणसंसुद्धा कोयता घेऊन गेली. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. मला तर रोज कुणाशी तरी दोन शब्द झाल्याशिवाय घास गोड लागत नाही.

तेव्हा ती माझ्याकडे आली.

आमची बायकांची दूध डेअरी आहे, सहकारी, आम्हीच चालवतो. मी तिची सचिव. बीडच्या एका संस्थेतली बाई एक दिवस जीप घेऊन आली आणि मला नि आमच्या अध्यक्षीणबाईंना बाजूला घेऊन बोलली. जीपमध्ये बसलेली पोरगी गडचिरोलीकडची. शाळेत जायच्या वयात जंगलातल्या नक्षल्यांच्या दलमनं, म्हणजे टोळीनं, तिला उचलून नेलं, हातात बंदूक दिली. मोठी झाल्यावर ती तिथून पळाली आणि पोलिसांपुढं हजर झाली. आता तिला माणसांत राहायला शिकायचं होतं. शहरातल्या वसतिगृहात ती टिकत नव्हती, सारखी निघून जायची. बाई म्हणाली, "इथं रमली तर बरं. नाही रमली तर पुन्हा वसतिगृह, आणि तिथून ती कुठं जाईल आणि कुणाच्या हाती लागेल, देव जाणे."

मी म्हटलं, "राहू द्या माझ्याकडं. घर मोकळंच हाय."

गावाला सांगितलं, लांबच्या बहिणीची लेक आहे.

पोरगी कामाला वाघीण. पण तिच्या तऱ्हा बघून माझं डोकं फिरायचं. अंथरूण एका जागी म्हणून टाकायची नाही. आज ओसरीत, उद्या गोठ्याशेजारी, परवा वर घराच्या धाब्यावर. मी म्हणायची, "अगं, मांजर हायेस का तू पिल्लं हलवायला?" जेवताना पाठ भिंतीला. आणि जाताना सांगणं म्हणून नाही! मी चहा ओतून मागं वळावं तर पोरगी गायब.

"कावून सांगून जात न्हाईस गं? तोंड शिवलंय का?"

"सवय नाही, मावशी."

एवढंच. तरी खरं सांगते, सकाळी दोघींचा चहा टाकायला मला फार बरं वाटायचं. एकटीसाठी चहा टाकायचा म्हणजे अर्धा कप दूध आणि नुसता कंटाळा.

डेअरीला वस्त्यांवरचं दूध आणायला माणूस पाहिजे होतं. आधीचा गडी तोडणीला गेलेला. मीच तिचं नाव पुढं केलं. काम सोपं. वस्तीवरच्या बाया आपापली बरणी घेऊन ठरलेल्या ठिकाणी येतात, कुणी रस्त्याच्या मोरीपाशी, कुणी लिंबाखाली, आणि आपण कॅनमध्ये दूध घेत घेत डेअरीला यायचं. दुष्काळात तेवढंच दूध म्हणजे घराघराचं मीठ-मिरची होतं.

आठवडा झाला नाही तोच धनगर वस्तीवरची म्हातारी माझ्या दारात.

"ऊन डोक्यावर येईस्तवर लिंबाखाली थांबले की मी! तुझी भाची आलीच न्हाई. सगळं दूध नासलं. टँकरचं पाणी पाजून काढलेलं दूध हाय ते बाई, असं वतून द्यायचं का?"

मग मोरीवरचीही तीच बोंब. मी पोरीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "आणलं ना दूध." आणलं होतं, पण दुसऱ्याच वस्तीवरून. शेवटी मीच एका सकाळी तिच्या मागावर निघाले. गुडघे कुरकुर करतायत, पदर बाभळीत अडकतोय, आणि पोरगी दिसेना. वळून बघते तर माझ्या मागं उभी!

"मावशी, मागं कोण आहे ते बघत जा," म्हणाली. मला हसू यावं का राग, समजेना.

पण त्या दिवशी मला कळलं. काल ती टेकाडावरून गेली होती, आज कोरड्या नदीतून, उद्या कुठून तिचं तिलाच ठाऊक. रोज वेगळी वाट. त्यामुळं रोज कुणीतरी बरणी घेऊन ताटकळत राहायचं. का गं असं करतेस म्हणून विचारलं तर तिनं कॅन उचलला आणि चालायला लागली.

डेअरीच्या ओसरीत बायांची बैठक बसली. सगळ्या तापलेल्या. कामचुकार आहे, ठेवू नका, हेच. अध्यक्षीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मला माहीत होतं, डेअरीनं नको म्हटलं की परवा जीप येणार आणि पोरगी वसतिगृहात जाणार. तिची हकीकत तर उघडी करता येत नव्हती. मग मला दुसरं काय येतं? मी सगळ्यांशी भांडले. कुणाच्या दुधात पाणी असतं ते काढलं, कुणाची सून काय म्हणते तेही काढलं. नुसता गोंधळ.

त्यात ती दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्या तिच्याकडं वळल्या.

"एका वाटेनं रोज गेलं की दबा धरून मारतात," ती म्हणाली. "मी दलममध्ये होते. गावातून तांदूळ आणायला पाठवायचे. मी थकले होते. कालच्याच वाटेनं परत आले. माझ्या मागं माझी मैत्रीण होती. तिला गोळी लागली. मला नाही लागली."

बस्. रडली नाही ती. माझ्याच्यानं मात्र राहवेना, मी पदर तोंडात कोंबला.

मग धनगर वस्तीवरची म्हातारी खाकरली. मला वाटलं, आता ही काय तोफ डागते.

"ते समदं खरं गं लेकरा," म्हातारी म्हणाली, "पण माजं दूध तर नासलंच ना? तुला पायजेल तिकडनं जा तू. फकस्त निघायच्या आधी सांग, कुठनं येणार. मला काय, शेळ्यांमागं हिंडायचंच हाय. मी तिकडं येते बरणी घिऊन."

म्हातारीला वाटलं, तिनं सोपं काम सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती पोरगी उंबऱ्यात कॅन धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. आपण कुठून जाणार हे कुणाला तरी सांगायचं म्हणजे तिच्या लेखी मरणच होतं. मी पाठ फिरवून भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. बऱ्याच वेळानं मागून आलं, "नदीतून." वळून बघते तर गेलेली.

मी लगेच फोन उचलला. मोरीवरचीला सांगितलं, लिंबाखालचीला सांगितलं, "आज नदीतून येतीय गं, खाली या." बाया पदर खोचून नदीकडं पळाल्या. मग रोजचंच झालं. ती सांगायची, मी फोन फिरवायची, आणि आमची अख्खी दूध संस्था त्या पोरीच्या मागं बरण्या घेऊन माळावर हिंडायची. बाया शिव्या द्यायच्या, पण यायच्या. नासलेलं दूध बंद झालं.

असं करत करत हिवाळा सरला. एकदा ती म्हणाली, "वरच्या वाटेनं." दुसऱ्या दिवशीही वरच्या वाटेनं. तिसऱ्या दिवशीही. मी काही बोलले नाही, कुणाला बोलू दिलं नाही. हळूहळू फोन करायची गरज उरली नाही. तिचं अंथरूणही ओसरीतल्या खांबापाशी राहायला लागलं.

मी मनात म्हटलं, रमली. आता ही माझीच.

आणि संस्थेतल्या बाईचा फोन आला. पोरीची थोरली बहीण सापडली होती. चंद्रपूरकडं एका गावात शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती आणि धाकटीला बोलावत होती. फोन झाल्यावर पोरगी माझ्यासमोर बसली.

"मावशी, जाऊ का?"

तिनं नाही म्हणावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. मी म्हटलं, "जा की. मी काय दाव्याला बांधलंय तुला?" आणि गोठ्यात जाऊन म्हशीवर खेकसले.

निघायच्या सकाळी दोघींचा चहा झाला. पिशवी खांद्याला लावून ती उंबऱ्यात थांबली, आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली. इथून जीपनं बीडला. बीडहून नागपूरची गाडी. नागपुरात उतरून चंद्रपूरची गाडी. तिथून पुढं बहिणीच्या गावाला जाणारी वडापची जीप, नाक्यावर मिळते. उतरलं की डाव्या हाताला शाळा, शाळेमागं विहीर, विहिरीपासून बहिणीचं घर दिसतं. ‘नदीतून’ एवढंसुद्धा जिच्या तोंडून निघत नव्हतं, तिनं दारापर्यंतची सगळी वाट मला सांगितली. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिचा फोन येतो मधून मधून. बरी आहे. हसतेसुद्धा. ठेवला की घर आणखीच मोठं वाटतं.

गाव तोडणीला गेलं की वस्त्यांवरचं दूध आता मीच आणते. कॅन छोटा घेतलाय, गुडघ्यांना तेवढंच झेपतं. सकाळी चहा टाकते, अर्धा कप. मग उंबऱ्यात येते आणि आत तोंड करून सांगते, "वरच्या वाटेनं चालले गं."

मग दाराला कडी लावते आणि निघते.